कपाटाची चाल

कपाटाला पाय फुटून महिना होत आला, तरी ते चालायला तयार नव्हतं. सूनबाईने त्याला आधी हत्तीसारखं चालवून पाहिलं, मग खेकड्यासारखं, मग जड ओझं उचललेल्या हमालासारखं. पडद्यावर दर वेळी एक लाकडी खोकं उगाच हिंदकळताना दिसायचं. बघणाऱ्याला भीती वाटण्याऐवजी त्याला धरून नीट उभं करावंसं वाटायचं.

हे कपाट एका व्हिडिओ गेममधलं होतं. गेम दोघांचा. सूनबाई चित्रं काढायची, आणि तिचा दीर, ज्याला घरात सगळे बारक्या म्हणत, तो संगणकाला ती चित्रं हलवायला लावायचा. मागे कुठली कंपनी नव्हती, पुढे कुठलं गिऱ्हाईक नव्हतं. गेमची गोष्ट अगदी साधी. एक एकटा मोजा आपल्या हरवलेल्या जोडीदाराला शोधत एका भल्यामोठ्या घरात हिंडतो. त्या घरात एक जुनं लाकडी कपाट पहारा देतं, आणि जी वस्तू जागेवर नसेल ती गिळून टाकतं. आता मोजा म्हटल्यावर तो कधी जागेवर असतो?

काम चालायचं आईंच्या खोलीत. आई म्हणजे सूनबाईच्या सासूबाई, वाचनालयातून निवृत्त झालेल्या. सूनबाईने नोकरी सोडून हा उद्योग मांडायचं ठरवलं, तेव्हा तिचा नवरा, म्हणजे घरातला थोरला, "बघ बुवा" एवढंच म्हणाला होता. आईंनी दुसऱ्या दिवशी आपली आरामखुर्ची आणि रेडिओ उचलून बैठकीत नेला. "उजेड याच खोलीत चांगला येतो. रंगाचं काम आहे तुझं," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. सूनबाईच्या मनात ती गोष्ट कायमची घर करून राहिली. आईंची अट एकच होती. पूर्ण झाल्याशिवाय त्यांना काही दाखवायचं नाही. अर्धं पुस्तक त्यांनी आयुष्यात कुणाला दिलं नव्हतं आणि कुणाकडून घेतलंही नव्हतं.

आईंचा डावा गुडघा अधू होता, आणि वाचनालयातल्या रांगांमधून जन्मभर फिरल्यामुळे त्यांची एक खास चाल झाली होती. एक हात कमरेवर, अंग डावीकडे कललेलं. चार पावलं टाकायची, थांबायचं, नाकाच्या शेंड्यावर आलेला चष्मा बोटाने वर ढकलायचा, काय काय जागेवर नाही ते बघायचं, आणि पुन्हा चार पावलं. घरातले सगळे त्या थांबण्यावर जगत. पावलं थांबली की आई अगदी दारात उभ्या असल्या तरी चष्मा वर जाईपर्यंत त्यांना काही दिसायचं नाही. तेवढ्यात थोरल्याने टीपॉयवरचे पाय खाली घ्यायचे, बारक्याने पलंगावरची ताटली पलंगाखाली सारायची. चष्मा जागेवर येईपर्यंत घरही जागेवर आलेलं असायचं.

एका दुपारी सूनबाई कपाटावर वैतागून मान वर करते तो खोलीसमोरच्या बोळातून आई घड्या घातलेल्या चादरी घेऊन येत होत्या. चार पावलं, थांबणं, चष्मा, नजर. सूनबाईने काही विचार न करता मोबाइल उचलला आणि दाराच्या फटीतून चित्रण केलं. रात्रीच्या जेवणापर्यंत एकेका चित्रावर कागद ठेवून गिरवावं तसं तिने ते सगळं कपाटावर उतरवलं. कपाटाला चष्मा नव्हता, म्हणून वरचा खण दिला. चार पावलांनी तो घसरून बाहेर यायचा, कपाट थांबायचं, खण आत ढकलायचं.

कपाट चाललं. नुसतं चाललं नाही, ते आल्याबरोबर खोलीतल्या माणसांनी पाठ ताठ केली.

"वहिनी!" बारक्या ओरडला. "मला का कोण जाणे, जाऊन अंथरूण आवरावंसं वाटतंय."

त्याने उत्साहाच्या भरात सगळा गेम त्या चालीभोवती बांधून टाकला. खण बाहेर आला की कपाटाला समोरचं दिसत नाही, आणि मोज्याने पळायचं ते तेवढ्याच वेळात. दारं, किल्ल्या, जिने, सगळ्याचं गणित त्या थांबण्यावर बसवलं. छोट्या गेमांच्या एका प्रदर्शनाला त्यांनी तो पाठवला, आणि काय आश्चर्य, तो निवडला गेला. सभागृहात मोठ्ठा पडदा मिळणार होता. प्रदर्शनाला दोनेक महिने होते.

"झालं ना पूर्ण?" आई म्हणाल्या. "मग मी येणार. माझ्या थोरल्या बहिणीलाही बोलावते. माझ्या खोलीत झालेलं काम, मी नाही बघायचं तर कुणी?"

त्याच संध्याकाळी थोरला चहाचा कप घेऊन खोलीत डोकावला. पडद्यावर कपाट बोळातून येत होतं. त्याने सवयीने कप पाठीमागे लपवला, मग नीट पाहिलं.

"आईला कपाट का केलंय तुम्ही?"

सूनबाई चटकन म्हणाली, "आई कुठे? लाकूड आहे ते. त्याला तोंडसुद्धा नाही."

"तोंड कशाला हवंय? चालतेय कशी बघ ना." थोरला दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाला. "तिने हे पाहिलं, तर सुनेने मला राक्षस केलं म्हणेल. आणि तेही माझ्याच खोलीत बसून."

"घरचा म्हणून त्याला तसं वाटतंय," बारक्याने धीर दिला. "बाहेरच्याला काही कळायचं नाही."

दुसऱ्या दिवशी कुरियरवाला पुडकं द्यायला आला. बारक्याने त्याला मुद्दाम संगणकासमोर उभं केलं. कुरियरवाल्याने कपाटाची चार पावलं पाहिली, खण आत गेलेला पाहिला, आणि आदराने विचारलं, "आजी झोपल्यात का?"

आईंनी न मागता दिलेला उजेड, आणि त्याच्या बदल्यात आपण त्यांना भर सभागृहात वस्तू गिळत फिरवणार, या विचाराने सूनबाईला जेवण जाईना. चाल बदलायला हवी होती.

तिने कपाटाला उजवीकडे झुकवलं. थोरला म्हणाला, "ही आई न्हाणीघरात घसरली होती तेव्हाची." तिने खण काढून टाकला. मग कपाट थांबेना, आणि ते थांबेना म्हटल्यावर मोजा पहिल्या बोळातच गिळला जाऊ लागला. शेवटी तिने आईंच्या जागी थोरल्याची चाल घेतली. कपाट रमतगमत स्वयंपाकघराकडे जाऊ लागलं, आणि एकदा तिकडे गेलं की परत येईना.

"वहिनी, तू जे जे बदलतेस ते ते माझ्या गणितातून निखळतंय," बारक्या रडकुंडीला आला. "त्या थांबण्यावर अख्खं घर उभं आहे. चाल हलवायची नाही."

"मग काय करू भाऊजी? आईंना येऊ नका सांगू?"

गेम बनवणारी माणसं एक गोष्ट अडली की दुसरी सरकवतात. त्याच सवयीने बारक्या म्हणाला, "कपाट बदलता येत नाही ना? मग आईला बदलू."

"काय?"

"गुडघा बरा करू तिचा. ती सरळ चालायला लागली, तर ओळखणार कोण? तिला स्वतःलाही कळायचं नाही."

ऐकायला हे इतकं तर्कशुद्ध होतं की त्यातला मूर्खपणा कुणाला दिसला नाही. त्याच आठवड्यात सूनबाई आईंना फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी गुडघा हलवून पाहिला, व्यायाम दिले, मऊ रबरी तळाचे बूट घ्यायला सांगितलं. वाटेत सूनबाईने चष्म्याचं दुकानही उरकलं. नवी काडी कानामागे अशी घट्ट बसली की चष्मा जागचा हलेना.

घरी येताना रिक्षात आई म्हणाल्या, "इतकी वर्षं दुखतोय हा गुडघा. पोरं चांगली आहेत गं माझी, पण आजवर विचारलं कुणीच नव्हतं. तू विचारलंस."

सूनबाईने बाहेर बघितलं. तिला इतकं ओशाळल्यासारखं झालं की सुट्टे पैसे परत घ्यायचेही राहिले.

आई कामाला लागल्या त्या वाचनालयाच्या शिस्तीनेच. रोज सकाळी सतरंजी पडायची, सूनबाई समोर बसून मोजायची, आई पाय उचलायच्या. सुरुवातीला सूनबाई प्रदर्शनाची तारीख डोळ्यांपुढे ठेवून मोजत होती. हळूहळू तिला कळलं की पाचव्या वेळेला आई ओठ चावतात आणि ती मोजायचा वेग आपोआप कमी करते. आई मधूनच कधीतरी वाचनालयातल्या गमती सांगायच्या. त्या सकाळी सूनबाईला आवडू लागल्या होत्या, आणि आवडू लागल्यामुळे अपराधीपण आणखीच बोचत होतं.

महिन्याभरात कमरेवरचा हात खाली आला. मग कलणं गेलं. मग आई थांबेनाशा झाल्या.

हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं की त्यांचं थांबणं गेलं म्हणजे काय गेलं. आता पावलांचा आवाज नाही, चष्म्याची वाट बघणं नाही. आई एकदम समोरच उभ्या असायच्या. पहिल्याच दिवशी थोरला टीपॉयवरच्या पायांसकट सापडला. बारक्या पलंगावर ताटलीसकट सापडला, आणि दचकून ताटली उपडी झाल्यामुळे चादरीसकटही सापडला.

"वहिनी, घरात राहणं अवघड झालंय," तो कुजबुजला. "तिचा वेग वाढवताना आपण आपला विचारच केला नाही."

"हळू बोला भाऊजी. मागे असतील."

मागे होत्याच.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, सूनबाईने ते मोबाइलवरचं चित्रण पुसून टाकायचं ठरवलं. पुसण्याआधी एकदा मनाची खात्री करावी म्हणून तिने पडद्याच्या एका बाजूला आईंचं जुनं चालणं लावलं, दुसऱ्या बाजूला कपाटाचं. दोघं बरोबरीने चालली, बरोबरीने थांबली. चष्मा वर गेला, खण आत गेला. आताच्या आई कुठे आणि हे कुठे, असं म्हणत तिने सुटकेचा निःश्वास सोडला.

"मी अशी चालत होते?"

आई खुर्चीमागे उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या ते विचारायची सोय नव्हती, कारण रबरी तळ तिनेच निवडले होते.

"आई, ते... कपाटाची चाल जमत नव्हती, तुम्ही चादरी घेऊन आलात, आणि..."

"आणि मग मी ओळखू येईन म्हणून गुडघा."

"आधी तसंच होतं," सूनबाई म्हणाली. खोटं बोलायला तिच्याकडे काही उरलंच नव्हतं.

आईंनी पडद्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. "कपाटाचं मला काही नाही. मला वाटलं होतं, गुडघ्याचं कुणीतरी मनापासून विचारलं," एवढंच त्या म्हणाल्या. शेवटी सूनबाईने मागे वळून पाहिलं, तेव्हा कळलं की आई केव्हाच निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईने नेहमीच्या वेळी सतरंजी घातली. आई दारातूनच म्हणाल्या, "आता कशाला? गेम तर तयार झाला तुमचा."

"गुडघा कुठे तयार झालाय? पाचव्या वेळेला अजून ओठ चावता तुम्ही."

आईंनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. मग सतरंजीवर आडव्या झाल्या आणि पाय उचलला. सूनबाई मोजत गेली. पाचव्या वेळेला आईंनी मुद्दाम तोंड घट्ट मिटून घेतलं. त्या प्रदर्शनाला येणार की नाही हे त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

सभागृह भरलं होतं. मोठ्या पडद्यावर कपाट भिंतीएवढं दिसत होतं आणि समोर खेळणाऱ्यांची रांग लागली होती. एकेक जण आत्मविश्वासाने बसायचा, कपाट यायचं, मोजा गिळायचं, आणि माणूस खजील होऊन उठायचा. आई आल्या होत्या. सरळ पाठीने, भरभर, मागच्या ओळीत येऊन बसल्या. कुरियरवालाही हौसेने आला होता. तो त्यांच्या शेजारून दोनदा गेला तरी त्याने त्यांना ओळखलं नाही. बारक्याने वहिनीला कोपराने ढोसलं. बेत अगदी नामी साधला होता.

एवढ्यात सभागृहाचं दार उघडलं आणि आईंची थोरली बहीण आत आली. ती दूर राहायची, आणि सूनबाईने तिला आजवर समारंभांत फक्त बसलेलं पाहिलं होतं. मावशीने एक हात कमरेवर ठेवला, डावीकडे झुकून चार पावलं टाकली, थांबली, चष्मा वर ढकलला, आणि सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली.

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, कपाट आलं!"

हशा पिकला. मावशी चार-चार पावलांनी पुढे आली. आयोजक बाई कौतुकाने हसत पुढे झाल्या आणि माइक सूनबाईच्या तोंडापुढे धरून म्हणाल्या, "सगळ्यांना हेच विचारायचंय. या कपाटाची चाल तुम्हाला सुचली कुठून?"

सूनबाईने मागच्या ओळीकडे पाहिलं. आईंची खुर्ची रिकामी होती.

"माझ्या थोरल्या बहिणीवरून," आवाज अगदी तिच्या खांद्याजवळून आला. आई शेजारी येऊन उभ्या होत्या. "आमच्या घराण्याचीच चाल आहे ती. सुनेला मीच म्हटलं, घ्यायची तर हीच घे."

मावशीचा चेहरा लाल झाला. "माझ्यावरून? मी अशी चालते?"

मावशीने पडद्याकडे पाहिलं. तेवढ्यात कपाटाने एका धिप्पाड तरुणाचा मोजा गिळला. त्याच्या मागच्याचाही गिळला.

"किती जण सुटले याच्या तावडीतून?" मावशीने विचारलं.

"सकाळपासून एकही नाही," बारक्या म्हणाला.

मावशीने चष्मा वर ढकलला. "मग माझीच चाल आहे ती. त्यात काय शंका?"

टाळ्या पडल्या. छायाचित्रकार धावले. मावशीचा पडद्यासमोर फोटो निघाला, एक हात कमरेवर, मान ताठ. बाळगोपाळांनी तिच्या सह्या घेतल्या. गेमला प्रदर्शनातलं पहिलं बक्षीस मिळालं, आणि बक्षीस घ्यायलाही आयोजक बाईंनी मावशीलाच वर बोलावलं.

परतीच्या वाटेवर सूनबाईला आईंचे आभार मानायचे होते, पण आई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "मान किती ताठ धरली होती तिने, पाहिलंस?"

"आई, तुम्हीच तर म्हणालात, तिच्यावरून घेतली म्हणून."

"तुझी अडचण झाली होती म्हणून म्हटलं. तिने लगेच हो म्हणायची काही गरज नव्हती." मग त्या पुटपुटल्या, "चाल माझी आणि सह्या तिच्या."

सूनबाईला एकदम हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. आईंनी दोन्ही पाहिलं आणि दोन्हीकडे दुर्लक्ष केलं, म्हणजे भांडण मिटलं.

त्या आठवड्यात प्रदर्शनवाल्यांचा निरोप आला. गेम जिथे तयार झाला ती खोली आणि ती माणसं त्यांना बघायची होती. ते यायच्या दिवशी दुपारी घर निवांत होतं. आईंच्या जुन्या खोलीत थोरल्याचे पाय टीपॉयवर होते. बारक्या तिथल्याच पलंगावर ताटली घेऊन पसरला होता. सूनबाई काम सोडून मोबाइलवर भलतंच काहीतरी बघत होती. आणि बोळातून आवाज आला. जुन्या चपलांची चार पावलं. मग शांतता.

तिघांचाही जीव भांड्यात पडला. किती दिवसांनी ते थांबणं ऐकू आलं होतं. पुन्हा चार पावलं आली आणि दारात थांबली. थोरल्याने सावकाश पाय खाली घेतले. बारक्याने आरामात ताटली पलंगाखाली सारली. सूनबाईने मोबाइल उशीखाली ठेवला आणि मग काळजीने मान वर केली. "आई, गुडघा पुन्हा दुखायला लागला का?"

आई दारात उभ्या होत्या. एक हात कमरेवर, अंग डावीकडे कललेलं. चष्म्याला त्यांनी हातही लावला नव्हता. तो पहिल्यापासून जागेवरच होता.

"गुडघा ठणठणीत आहे. ती माणसं येतायत ना, खरं कपाट कुठलं ते त्यांना कळायला नको?" त्या म्हणाल्या. "बारक्या, ताटली काढ खालून. थोरल्या, तो टीपॉय पुसून ठेव रे. आणि सूनबाई, तो मोबाइल."

"पण आई, तू तर थांबली होतीस," बारक्या केविलवाणा होऊन म्हणाला.

"चष्मा आता घसरत नाही माझा. थांबते ती बघायला."

बारक्या मुकाट्याने उठला, ताटली धुऊन आला आणि संगणकापुढे बसला. गेमच्या दुसऱ्या टप्प्यात कपाट आता चार पावलांनी थांबतं, पण त्याचा खण बाहेर येत नाही. तिथवर पोचणारे बरेच आहेत. तिथून पुढे गेलेला मोजा अजून कुणी पाहिलेला नाही.